दुपारी चारचा पाऊस

सहल ही मौजेची बाब आहे, असा एक गंभीर गैरसमज समाजात पसरलेला आहे. वस्तुतः मौज अचानक होते, आणि जे अचानक होतं त्याची जबाबदारी कोणावर टाकायची हे ठरलेलं नसतं. म्हणून शहाण्या माणसांनी मौजेच्या आधी नियोजन ठेवलं. नियोजन पुरेसं कडक झालं, तर पुढे मौजेची गरजही उरत नाही, असं अनुभवी लोक सांगतात.

अशा अनुभवी लोकांत भूगोलाच्या सरांचा क्रमांक फार वर लागतो. निवृत्त झाले तरी गल्लीत, बँकेत, भाजीच्या दुकानात ते 'सर'च होते. जगातल्या मोठ्या नद्यांची लांबी त्यांना पाठ होती. नदीकडे पाहण्याचा योग मात्र कधी आला नव्हता, कारण शाळेच्या सहलीत मास्तरांनी पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं असतं (मुलं पाण्याकडे जातात, मुलांकडे मास्तरांनी पाहायचं). दरवर्षी सर एकाच धरणावर सहल नेत. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी, म्हणजे आताच्या आजी, विचारायच्या, "धरण कसं होतं हो?" सर समाधानाने सांगायचे, "चाळीस नेली होती, चाळीस आणली."

या माणसाला त्याच्या मुलाने आणि सुनेने एके दिवशी विमानाची तिकिटं दिली. विषुववृत्ताजवळचं, समुद्रकाठचं एक मोठं शहर. मुक्काम चार दिवसांचा. जाणार कोण, तर सर, आजी आणि सुट्टी लागलेली नात भिंगरी (तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते पूर्ण उच्चारेपर्यंत ती तिथे थांबत नाही).

"आता कोणाला काय पाहायचंय ते रीतसर सांगा," सर म्हणाले.

"मला दोन मजली बस!" भिंगरी म्हणाली.

आजी चहाचं आधण ठेवत होत्या. दुपारचे चार वाजले होते, आणि लग्न झाल्यापासून या घरात चार वाजता आजी चहाचं आधण ठेवतात. "मला काही फार नको," त्या म्हणाल्या. "तिथे पाणी आहे म्हणे. चार वाजता पाण्याच्या काठी बसायचं. आणि चहा मी सोडून दुसऱ्या कोणीतरी आणून द्यायचा. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. पण तेवढं नसेल तर तुम्ही दोघं जा. उभी राहून चहा मी इथेही पिते."

"नोंद घेतली," सर म्हणाले. आणि त्यांनी ती खरोखरच घेतली, 'इतर' या सदरात.

अडचण एकच होती. विषुववृत्तीय प्रदेशात रोज दुपारी चारच्या सुमारास गडगडाटासह पाऊस पडतो. हे वाक्य सरांनी मुलांच्या कितीतरी तुकड्यांकडून घोकून घेतलं होतं. ज्यांनी 'दुपारी चार' ऐवजी 'संध्याकाळी' लिहिलं, त्यांचा अर्धा गुण कापला होता. आता तिथला पाऊस साडेपाचला पडेल किंवा पडणारच नाही अशी शंका घ्यायची, तर ते सगळे अर्धे गुण परत करण्याची वेळ आली असती. सरांनी वेळापत्रकात स्वच्छ अक्षरात लिहिलं: चार ते पाच, पाऊस (छपराखाली उभे राहणे). पाण्याकाठी बसण्याचा कार्यक्रम सकाळी सहा वाजता, दहा मिनिटं, 'वेळ उरल्यास' असा हलवला गेला. चहा आपोआपच रद्द झाला.

मग पूर्वपाहणी. शाळेचा नियम असा की, जिथे मुलांना न्यायचं ते ठिकाण शिक्षकाने आधी स्वतः जाऊन पाहावं. म्हणजे पहिल्यांदा जाण्यापूर्वी एकदा जाऊन येणं आवश्यक होतं. हे खर्चात बसेना, तेव्हा भिंगरीने संगणकावर त्या शहराचे रस्ते दाखवले. बटण दाबलं की माणूस रस्त्याने पुढे सरकतो. सर रोज जेवण झाल्यावर चपला घालून त्या संगणकासमोर बसू लागले. दोन आठवड्यांत त्यांनी बंदरापासून संग्रहालयापर्यंतचा सगळा भाग पायाखाली घातला. "आज फार चाल झाली गं," म्हणत ते आजींकडून पायाला तेल मागून घेत.

त्यांची निरीक्षणं पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडावीत अशी आहेत. एक, शहर कष्टाळू आहे (कोपऱ्यावरच्या दुकानासमोर एक बाई झाडांना पाणी घालते, केव्हाही जा, घालतच असते). दोन, वाहतूक शिस्तबद्ध आहे (सर्व वाहनं जागच्या जागी उभी). तीन, स्थानिक लोकांचे चेहरे अस्पष्ट असतात. दमट हवेचा परिणाम असावा.

दमट हवा ही बाब गंभीर होती. त्यासाठी न्हाणीघरात कढत पाण्याच्या दोन बादल्या ठेवून, दार लावून, तिघांनी प्रवासाच्या कपड्यांत स्टुलांवर बसण्याचा सराव सुरू झाला. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे डॉक्टर पेपर मागायला आले. त्यांना दाराच्या फटीतून वाफ येताना दिसली.

"काय सर, सर्दी झालीय का?"

"नाही," आतून आवाज आला. "संग्रहालयाबाहेरच्या रांगेत आहोत."

डॉक्टर पेपर न घेताच गेले.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरल्यामुळे जेवणं ओट्याशी उभ्यानेच होऊ लागली. नकाशावर एकतीस ठिकाणं होती. सरांनी प्रवास, जेवणं, पाऊस आणि राखीव वेळ वजा करून हिशोब मांडला, तेव्हा प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला अकरा मिनिटं आली. पैकी रांगेत सात, मोजणीला दोन, फोटोला दीड, आणि उरलेलं अर्धं मिनिट प्रत्यक्ष पाहण्यासाठी. हे अर्धं मिनिट कुठून वाचवता येईल याचा सर बराच विचार करत होते.

शेवटच्या रविवारी रंगीत तालीम झाली. सोफा म्हणजे बस, बाल्कनी म्हणजे बंदर, कपाट म्हणजे संग्रहालय (ते उघडल्यावर अंगावर काय पडेल याचा नेम नसल्यामुळे ते खरंही वाटत होतं). सर शिट्टी वाजवत, आजी आणि भिंगरी रांगेत पुढे सरकत. आजी संग्रहालयाच्या रांगेत असताना दूध उतू गेलं. तो वास बंदरापर्यंत आला. पण दूध वेळापत्रकात नव्हतं, म्हणून रांग मोडता आली नाही.

"अहो, माझं एक विचारायचं राहिलंय," आजी रांगेतूनच म्हणाल्या. "माझं चार वाजताचं काय झालं?"

"चार वाजता पाऊस आहे."

"तुम्हाला सांगून येणार आहे का तो?"

"सांगून म्हणजे काय! पुस्तकात छापलंय."

आजींनी पदर खोचला. जाऊन दुधाचा ओटा पुसायला लागल्या. सरांनी यावरून तालीम यशस्वी झाली असा निष्कर्ष काढला.

नियोजनाचा शेवटचा टप्पा परीक्षेचा. ज्याला शहराची माहिती नाही त्याला शहरात नेऊन उपयोग काय, हा प्रश्न बिनतोड आहे, आणि सरांनी तो स्वतःलाच विचारल्यामुळे त्याला कोणी उत्तरही दिलं नाही. नियम सोपा: नापास तो घरी.

भिंगरीला तीसपैकी सव्वीस मिळाले. आजींनी मात्र प्रत्येक प्रश्नाखाली एकच उत्तर लिहिलं होतं: 'गेल्यावर बघू.' सरांनी त्यांना शून्य दिलं आणि अक्षर सुवाच्य असल्याबद्दल अर्धा गुण दिला. घरात पक्षपात चालत नाही.

"म्हणजे आजी येणार नाही?" भिंगरीने विचारलं.

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. निकालाचा कागद त्यांनी आजींकडे न पाहताच पुढे केला.

"बरं झालं," आजी म्हणाल्या आणि आपली उघडलेली बॅग बंद करू लागल्या. त्या बॅगेत एक नवी साडी होती. निळी, पाण्याच्या रंगाची. ती त्यांनी बाहेर काढून कपाटात, म्हणजे संग्रहालयात, परत ठेवली.

भिंगरी हे पाहत होती. एरवी ती असं काही पाहायला थांबत नसे. "आजोबा," ती म्हणाली, "तुम्हीपण जाणार ना? मग तुमचा पेपर कोणी घेतला?"

हा प्रश्न सरांच्या उभ्या नोकरीत कोणी विचारला नव्हता. पण प्रश्न नियमाला धरून होता, आणि नियमापुढे सरांचं काही चालत नसे. भिंगरीने वहीचं पान फाडून पेपर काढला. त्यात एकच प्रश्न होता: 'आपल्या सहलीत दुपारी चार वाजता काय झालं पाहिजे? (गुण ५)'

सर मनातल्या मनात हसले. इतका सोपा पेपर त्यांनी कधी कुणाला काढला नव्हता. त्यांनी पान भरून उत्तर लिहिलं. उष्णतेमुळे जमीन तापते, हवा वर जाते, थंड होते, ढग बनतात. उजवीकडे आकृती काढली. वर जाणाऱ्या हवेचे बाण, खाली येणाऱ्या पावसाच्या रेघा, सगळ्याला नावं दिली. शेवटी पट्टीने अधोरेखित केलं: 'दुपारी चारच्या सुमारास गडगडाटासह पाऊस.'

भिंगरीने पेपर तपासला. लाल पेनाने शून्य काढलं आणि खाली शेरा लिहिला. हा शेरा सरांनी स्वतः हजारो वह्यांवर लिहिलेला होता: 'प्रश्न नीट वाचावा.'

"अगं, पण हे बरोबर आहे! पुस्तकातलं आहे!"

"पुस्तकातलं कुठे विचारलंय? आपल्या सहलीतलं विचारलंय. आजीने सांगितलं होतं ना तुम्हाला, पहिल्याच दिवशी?"

सरांनी पेपर पुन्हा पाहिला. आकृती छान आली होती. तिच्यात ढग होते, बाण होते, जमीन होती. जमिनीवर माणूस मात्र एकही नव्हतं.

आता पेच उभा राहिला. नियमानुसार दोन उमेदवार नापास, एक पास. म्हणजे ती चार दिवसांची सहल तिसरीतल्या मुलीने एकटीने करायची. भिंगरीची तयारी होती. शेवटी आजींनीच तोडगा सुचवला. "तुम्ही मला ग्रेसचे गुण द्या, मी तुम्हाला देते. पण एका अटीवर."

अट काय, हे सरांनी विचारलं नाही. त्यांनी वेळापत्रक काढलं आणि 'पाऊस' या शब्दावर काट मारली. काट मारताना त्यांच्या डोळ्यांसमोर ते सगळे अर्धे गुण उभे होते. मग ते संग्रहालयातून निळी साडी घेऊन आले.

शहर चांगलं निघालं. लोकांना चेहरे होते. वाहनं चालत होती, काही जरा जास्तच. कोपऱ्यावरची बाई पाणी घालत नव्हती. सरांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. भिंगरीला दोन मजली बस मिळाली आणि ती वरून खाली, खालून वर अशी बसपेक्षा जास्त फिरली. पहिल्याच सकाळी साडेनऊला, संग्रहालयाच्या रांगेत, आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. तिघंही नखशिखांत भिजली. छत्र्या बॅगेच्या तळाशी होत्या, कारण त्या चारच्या पावसासाठी होत्या.

दुपारी चार वाजता आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पाण्याकाठच्या पायऱ्यांवर आजी निळी साडी नेसून, पाय सोडून बसल्या होत्या. सरांनी टपरीवरून तीन कागदी पेले आणले. वाटेत त्यांतला बराच चहा त्यांच्या हातावर सांडला, तरी त्यांनी एकही पेला खाली ठेवला नाही. चहा देऊन झाल्यावर ते उठून पायऱ्यांवर दोघींच्या समोर उभे राहिले. पाण्याकडे पाठ, नजर माणसांवर.

"आहोत हो सगळे," आजी म्हणाल्या. "आता वळा की."

सर वळले. समोर पाणीच पाणी होतं. त्याची लांबी किती, हे त्यांना अजिबात आठवेना. ते आजींच्या शेजारी बसले. मधूनमधून चोरून आकाशाकडे पाहत होते, पण पाऊस आला नाही. सव्वापाच वाजले तरी कोणी 'चला' म्हणालं नाही.

इथवर सरांना हसलेल्या वाचकांचाही एक छोटा पेपर घेणं नियमाला धरून होईल. प्रश्न एकच आहे: तुमच्या घरी चार वाजता चहा कोण करतं, आणि त्या माणसाला तो कुठे बसून प्यायचा आहे? गुण पाच. आकृतीची गरज नाही. पुस्तक उघडू नये, त्यात हे उत्तर नाही. मात्र या एका प्रश्नापुरती, शेजारच्याला विचारून लिहायला पूर्ण परवानगी आहे.