हार्टमुटराव ड्रेक्सेल यांनी तळघरी बियर कोंडिली, त्या मोहिमेची हकीकत

स्वस्ति. फ्रांकोनिया प्रांती, हायडेनब्रुन कसब्यात, बियर घरी मुरवून बाटल्यांत भरावयाचे वतन मोजक्या घरांस पुरातन काळापासोन चालत आले. त्यांपैकी एक घर हार्टमुटराव ड्रेक्सेल यांचे हाती पडोन, वतन बुडता बुडता कैसे वाचले, हे वर्तमान नवशिक्यांस धडा आणि जाणत्यांस करमणूक व्हावी म्हणोन साद्यंत लिहिले असे. जे घडले तेच लिहिले. शहाणपण कोठे सापडले नाही, सबब लिहिले नाही.

कसब्याचे मधोमध सामायिक भट्टी आहे. तेथे जवाचा गोड काढा एकाच थोर कढईत शिजतो, त्यात हॉप्सची कडू फुले पडतात, आणि मग वतनदार आपापली पिंपे ट्रॅक्टरवर घालून काढा घरी नेतात. पुढे खमीर घालणे, मुरवणे, बाटलीत कोंडणे हे ज्याचे त्याने आपले तळघरी करावे. काढा सर्वांचा एक, परंतु बियर घरोघर निराळी, आणि कोणाचे तळघर कैसे हे कसब्यास एका घोटात कळते. दंडक ऐसा की, चर्चच्या जत्रेस, जीस तेथे केरवा म्हणतात, प्रत्येक घराने आपली बियर भट्टीपुढील बाकावर मांडावी, आणि एका तरी परक्या वतनदाराने तिचा पेला रिकामा करावा. न केल्यास वतन खालसा होऊन शेजारचे घरास जावे.

हार्टमुटराव हे न्यूर्नबर्गास बांधकाम खात्यात तपासनीस होते, आणि लोकांच्या खिडक्यांतील फटी शोधण्यात त्यांनी हयात घालविली. कसब्याचे जुने वतनदार वारले, त्यांची कन्या वाल्ट्राउटबाई ही हार्टमुटरावांची बायको, सबब घर आणि वतन दोन्ही रावांचे पदरी आयते पडले. मग रावांनी काय केले, तर घर पाडिले आणि नवे उभारिले. खिडक्यांस तीन पदरी काचा, भिंतींस ऊब राखणाऱ्या फोमचे चिलखत, फरशीखाली उबेच्या नळ्या. आणि सासऱ्याचे खडकात खोदलेले थंडगार तळघर, ज्यात चार पिढ्यांची बियर मुरली, ते ऊब गळते या सबबीवर काँक्रीट ओतून बुजविले. बदल्यात खाली पांढरी शुभ्र खोली केली, तीत हिवाळ्यात सदऱ्याच्या बाह्या दुमडून बसावे ऐसी उष्णता. शेजारीण कुनिगुंडाबाई लोखम्युलर याही वतनदार, आणि त्यांचे खडकाचे तळघर अद्याप शाबूत होते. त्यांस रावांनी कुंपणावरून बजावले होते की, बाई, तुमचे घर म्हणजे उबेची चाळण आहे. बाईंनी ते ऐकून घेतले, आणि तेव्हापासोन त्यांची नजर ड्रेक्सेलांचे वतनावर होती.

वाल्ट्राउटबाईंनी नवऱ्याजवळ एवढेच मागितले की, बाबांचे घर गेले ते गेले, वतन तेवढे जाऊ देऊ नये. रावांनी अभय दिले आणि मोहीम आरंभिली.

काढ्याची पिंपे मोठे दिमाखाने पांढऱ्या खोलीत दाखल जाहली, खमीर सोडिले, आणि राव हात मागे बांधून तपासणीस उभे राहिले. त्या प्रांतीचे खमीर थंडीचे. गारव्यात हळूहळू चरावे हा त्याचा स्वभाव. उबेत पडताच ते पिसाळले आणि पिंपाचे काठावरून फेस फरशीवर उतरू लागला. वाल्ट्राउटबाईंनी मसलत दिली की, पिंपे कुनिगुंडाबाईंचे तळघरी हलवावी. रावांनी फर्माविले की, शत्रूचे गोटात रसद ठेवणे मुत्सद्देगिरीस धरोन नाही. बरे, फेस पुसून काढावा आणि खमीर निवेतो वाट पाहावी, एवढे तरी करावे. परंतु तो शनिवार होता, आणि शनिवारी दुपारी ज्याचे घरची फरशी चिकट, त्याची अब्रू त्या मुलखात चिंधीमोल. सबब रावांनी घाणीचा बंदोबस्त मुळातून करावयाचे मनावर घेतले. फसफसती बियर तैसीच बाटल्यांत भरिली, तारेचे चाप खटाखट दाबून बुचे बसविली, बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत लाविल्या, फरशी धुतली, आणि जाहीर केले की मोहीम संपली. फरशी खरोखरच स्वच्छ होती. खमीर मात्र बंद बुचाखाली अद्याप जेवत होते.

पुढील रविवारी रावांनी कुनिगुंडाबाईंस मुद्दाम जेवावयास बोलाविले, की बाटल्यांच्या ओळी दाखवून त्यांची आशा मोडावी. डुकराचे खांद्याचे भाजलेले मांस, बटाट्याचे गोळे, दाट रस्सा, ऐसा थाट होता. राव पहिला गोळा कापतात न कापतात तो पायाखाली बार जाहला.

"हीटिंगचा पंप," राव म्हणाले. "नवा आहे. जरा बोलका आहे."

मग दुसरा बार जाहला, तिसरा जाहला, आणि मग गणती सुटली. तबकातील गोळे उडी घेऊ लागले, काचसामान किणकिणले, आणि राव प्रत्येक बारास रस्सा आग्रहाने वाढीत राहिले.

कुनिगुंडाबाईंनी मांसाचा तुकडा सावकाश चावून गिळला. "ड्रेक्सेल, तुमचा पंप बियर पितो का हो? जिन्याच्या दाराखालून फेस येतोय."

रावांनी खुलासा करावयास तोंड उघडिले. तो वाल्ट्राउटबाईंनी काटा खाली ठेविला.

"हार्टमुट," ती म्हणाली, "घर पाडलंस, मी बोलले नाही. तळघर बुजवलंस, तेव्हाही नाही बोलले. आता आधी खाली जाऊन वाचतील त्या बाटल्या वाचव. मग वर ये आणि यांच्याकडे तळघरात जागा माग. माझ्यासमोर माग."

मग खासा स्वारी तळघरी उतरली. शिरी मोटरसायकलचे शिरस्त्राण, हाती भट्टीचे जाड हातमोजे, छातीस दिवाणखान्याची उशी दोरीने आवळलेली. जी बाटली हाती येई तिचा चाप सैल करावा, तो कारंजे उडोन छतास लागावे, आणि छतावरून रावांचे मानेत उतरावे. ऐसे करीत करीत वाचलेल्यांचा दम काढून राव वर आले, ते भिजलेल्या कोंबड्याप्रमाणे दिसत होते, आणि उशीतून बियर ठिबकत होती. शिरस्त्राण न काढिताच त्यांनी जागा मागितली.

"मोठ्यानं बोला, आतून ऐकू येत नाही," कुनिगुंडाबाई म्हणाल्या.

रावांनी शिरस्त्राण काढून पुन्हा मागितली.

बाईंनी तह सांगितला, तो येणेप्रमाणे की, बाटल्या हार्टमुटरावांनी स्वतः हातगाडीवर घालून भर दिवसा हमरस्त्याने भट्टीवरून न्याव्या, आणि जो कोणी विचारील त्यास खरे सांगावे. वतनाची आशा त्यांनी सोडिली नव्हती, तीही लपविली नाही. "बाकावर हरलात तर घेईन. पण असं बार उडवून आलेलं घेतलं, तर लोक जन्मभर मला विचारतील, वात कुणी लावली."

ते दिवशी सारा कसबा भट्टीपुढे बसलेला. गाडी खडखडत आली. कोणी विचारिले, स्वारी कोठे.

"कुनिगुंडाबाईंच्या तळघरात," राव म्हणाले. "माझं घर उबदार आहे."

"फार?"

"फार."

याउपर कोणी हसले नाही. न हसता पाहात राहिले, ते अधिक जाचले.

बाटल्या खडकात गारठून निवल्या, आणि केरवाचा दिवस उगवला. ड्रेक्सेलांची बियर बाकावर आली, ती गढूळ, आणि उबेत पिसाळलेल्या खमिरापायी तीस पिकल्या केळ्याचा वास. वतनदारांनी पेले नाकाशी नेले आणि परत ठेविले. वाल्ट्राउटबाई बाकाचे टोकास उभी होती. राव उबेचे शास्त्र सांगू लागले, त्यांस कोणी थांबविलेही नाही, इतके कोणी ऐकत नव्हते. कुनिगुंडाबाई हात बांधून स्वस्थ बसल्या. आणखी थोडे स्वस्थ बसल्या असत्या तर वतन त्यांचे होते. इतक्यात एका म्हाताऱ्या वतनदाराने पुन्हा पेला हुंगला.

"मुरली कुठे ही? कुनिगुंडाच्या तळघरात ना? मग तिथलाच वास असेल."

झाले. बाईंचे मुखावरील रंग पालटला. बाप-आज्यांचे तळघर, ज्यास त्या प्रांती आजवर कोणी नाव ठेविले नव्हते, त्यावर भर केरवात डाग! बाई उठल्या, पेला उचलिला, आणि म्हाताऱ्याचे डोळ्यांत पाहात एका दमात रिकामा करून बाकावर पालथा आपटिला.

"जमलंय," त्या म्हणाल्या.

त्या प्रांती याहून मोठी स्तुती बोलावयाची चाल नाही. लोकांनी माना डोलाविल्या, आणि वाल्ट्राउटबाईंनी पदरचा रुमाल काढून नाक शिंकरिले.

येणेप्रमाणे हायडेनब्रुनची मोहीम फत्ते जाहली. वतन ड्रेक्सेलांचे घरी कायम. तळघर लोखम्युलरांचे, हट्ट वाल्ट्राउटबाईंचा, घोट कुनिगुंडाबाईंचा. विजय तेवढा हार्टमुटरावांचे नावे दाखल केला आहे, कारण केळ्याच्या वासाचा विजय दुसरे कोणी आपले नावे घ्यावयास राजी नव्हते.