लुत्फीसरांचं कौतुक नको रे बाबा!

"वर्षभरात बघच तू! माझ्या एका शब्दावर सगळं तांता शहर खरेदी करेल!"

लुत्फीसरांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांची बायको नबीला मुलुखियाच्या पालेभाजीची पानं चिरत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"शहराचं नंतर बघू. सकाळी लिंबं आणायला सांगितली होती, ती तेवढी खरेदी करा आधी."

लुत्फीसर म्हणजे इजिप्तमधल्या तांता शहरातल्या मुलांच्या शाळेतले निवृत्त फिजिक्स शिक्षक. निम्म्या तांताला त्यांनी फिजिक्स शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला त्यात नापास केलं होतं. निवृत्तीनंतर घरात शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून ते फ्रिजला आणि पंख्याला शिकवत असत. अशात एका व्हिडिओने त्यांना नवा रस्ता दाखवला. वेबसाइट काढायची, तिच्यावर वस्तूंची तोंडभर स्तुती लिहायची, खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की विकणारी कंपनी आपल्याला कमिशन देणार. दुकान नको, गोदाम नको, गल्ल्यावर बसायला मेहुणा नको!

"म्हणजे दलालीच की," नबीला म्हणाली.

"दलाली नव्हे! अ‍ॅफिलिएट मार्केटिंग!"

"दलालाने घरच्या पायजम्यात बसून केली की तिला असं म्हणतात वाटतं."

सरांनी दुर्लक्ष केलं. खरं तर या उद्योगामागे एक मोठं कारण होतं. एकुलत्या एक लेकीचं, रीमचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा फार्मासिस्ट, नाव मुनीर. पोरगा इतका सालस की रीमने होकार द्यायला एक क्षणही घेतला नव्हता, आणि ही तीच रीम जिला चपला निवडायला दोन बाजार पुरत नसत! बोलणी पक्की झाल्याची फातिहा वाचून झाली होती. आता साखरपुड्याची तारीख ठरायची होती, ती ठरवणार होती मुनीरची आई, इफ्फत हाजीण. लेकीच्या संसाराला लागणारी भांडीकुंडी, यंत्रं घ्यायची तर पेन्शनला थोडी जोड हवी, हा सरांचा हिशेब.

वेबसाइट झाली. नाव, 'लुत्फीसर सांगतात'. पहिला लेख एका मिक्सरवर. वर्गात कधी कुणाला 'बरं' म्हटलं नाही असा माणूस, पण मिक्सरवर असा काही पाघळला की वाचणाऱ्याला वाटावं, हा मिक्सर जावई म्हणून मिळाला तर बरं!

रीमने लेख वाचला आणि ती चरकली. "बाबा, एवढं कौतुक केलंत, शेवटी एक 'माशाल्ला' तरी लिहा! लोक काय म्हणतील?"

तांतात शेजारणीच्या नव्या पडद्यांना छान म्हणायचं तरी आधी माशाल्ला म्हणतात. नाही म्हटलं की दृष्ट लागते आणि पडदा संध्याकाळपर्यंत खिळ्याला अडकून फाटतो. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"अगं, मिक्सर आहे तो, बाळंतिणीचं पोर नाही!" सर गरजले. "मिक्सर जळतो तो व्होल्टेजमुळे. माणसाच्या दृष्टीत किती व्होल्ट असतात, सांग पाहू! आपली वेबसाइट शास्त्रीय आहे!"

दृष्ट लागू नये म्हणून नबीलाने लॅपटॉपला चिकटवलेला निळा मणीसुद्धा त्यांनी उपटून काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. मग त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिंक पाठवली. सरांचा शब्द! लोकांनी धडाधड खरेदी केली.

पहिला मिक्सर घेतला समोरच्या उम्म सामीने, म्हणजे सामीच्या आईने. लसूण वाटायला घेतली आणि मिक्सरने धूर सोडला. "व्होल्टेज!" सर म्हणाले. मग एका माजी विद्यार्थ्याने सरांनी वाखाणलेला गिझर बसवला. तो भिंतीचा गिलावा घेऊन खाली आला. "भिंत कच्ची!" सर म्हणाले. मग त्यांनी एका पंख्याला 'वादळाचा बाप' असं म्हटलं. तो पंखा ज्याने घेतला, त्याच्या घरी बाप आला पण वादळ काही आलं नाही. पातं हलेचना.

आणि मग इफ्फत हाजिणीने वॉशिंग मशीन घेतलं! होणाऱ्या व्याह्यांचा मान म्हणून, मुद्दाम त्यांच्याच लिंकवरून. सरांनी त्या मशीनवर लिहिलं होतं, "हे यंत्र घरात आलं की तुम्ही जागेवरून हलायचं नाही!" ते खरं ठरलं. हाजीणबाई जागेवरून हलल्या नाहीत, मशीनच हललं. पहिल्याच धुण्याला ते थडथडत न्हाणीघरातून निघालं, पॅसेज ओलांडून बैठकीत आलं आणि हाजीणबाईंच्या समोर येऊन थांबलं. त्यांनी सोफ्यावर पाय वर घेतले आणि मोठ्याने देवाचा धावा केला.

कारण अगदी साधं होतं. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे बोल्ट बसवलेले असतात, ते काढायचे राहिले होते. चौदा परिच्छेद स्तुती लिहिणाऱ्या सरांनी बोल्टांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं! पण आता बोल्टांचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी उम्म सामी बातमी घेऊन आली. येताना तिने कडेवरच्या नातवाचं तोंड ओढणीने झाकलं होतं.

"नबीला, वाईट वाटून घेऊ नकोस. पण हाजीणबाई म्हणतायत, सरांची नजर फार कडक आहे. 'यंत्राचं कौतुक केलं तर ते चालायला लागलं. उद्या माझ्या मुनीरचं कौतुक केलं तर पोराचं काय होईल?' साखरपुड्याचं त्या बघू म्हणतायत."

"बघू म्हणजे?" रीमचा आवाज रडवेला झाला.

बघू म्हणजे काय ते तांतात कुणाला सांगावं लागत नाही. रीम खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सर दारापाशी जाऊन व्होल्टेजबद्दल काहीतरी बोलले. आतून कडीही लागली. आयुष्यात पहिल्यांदा फिजिक्सने त्यांना दगा दिला होता, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

एक आशा मात्र होती. शुक्रवारच्या जेवणाचं आमंत्रण हाजीणबाईंनी आधीच दिलेलं होतं. दिलेलं आमंत्रण परत घेण्यापेक्षा त्या मशीनवर बसून कैरोला गेल्या असत्या!

"हे बघा रीमचे बाबा," नबीलाने जिन्यातच बजावलं, "तिथे कशालाही चांगलं म्हणायचं नाही. घराला नाही, जेवणाला नाही, पोराला तर मुळीच नाही. गप्प बसायचं."

"आणि माशाल्ला म्हणून कौतुक केलं तर?"

"तुमच्या माशाल्लावर आता कोण विश्वास ठेवणार? इतके दिवस कुठे होता तो?"

हाजिणीच्या घराने युद्धाची तयारी केली होती. फ्रिजवर निळा मणी, टीव्हीवर निळा मणी, दारावर दृष्ट अडवणारा पंजा. धूप इतका कोंडला होता की मुनीरच्या मामांना मिठी मारायला गेलेल्या सरांनी चुकून कोटांच्या खुंटाळ्याला मिठी मारली. खुद्द मुनीरला आईने विटका शर्ट घालून, दाढी न करू देता उभं केलं होतं.

"हा आमचा मुनीर," त्या घाईघाईने म्हणाल्या, "काही कामाचा नाही. खोकतोय आठवडाभर."

मुनीर आज्ञाधारकपणे खोकला. दृष्टीपासून वाचवायला आई पोराला नावं ठेवते आहे हे नबीलाला कळायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला सगळीकडे नकारच दिसतो. तिला वाटलं, झालं, मोडलं लग्न! रीमची मान खाली गेली.

जेवण आलं. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेली महशी, मुलुखिया आणि मधोमध भरलेलं बदक. सरांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले. तोंड उघडायला गेले तोच नबीलाने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. सर गप्प. दुसरा घास, दुसरा पाय. तिसऱ्या घासाला सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चवीमुळे की तुडवलेल्या अंगठ्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

इकडे हाजीणबाईंचा चेहरा पडत चालला. दृष्टीची भीती खरी, पण पहाटे उठून भरलेल्या बदकावर पाहुणा चकार शब्द बोलत नाही, हे कोणती बाई सहन करेल?

"लुत्फीसर," शेवटी मामांनी विचारलं, "जेवण आवडलं नाही का?"

आता हो म्हणावं तर दृष्ट, नाही म्हणावं तर अपमान! पण बदकाने सरांचा संयम कधीच संपवला होता. ते उठून उभे राहिले.

"हाजीणबाई! हे बदक..."

मामांनी आपल्या ताटावर रुमाल टाकला. हाजीणबाईंनी पाची बोटं पसरून पंजा समोर धरला. मुनीर खोकायचं विसरला होता, त्याला आता खरा खोकला आला. आणि सरांना रीमचे डोळे दिसले. ती नुसती बघत होती. लहानपणी ताप आला की अशीच बघायची.

"हे बदक," सर म्हणाले, "अगदीच टाकाऊ आहे!"

नबीलाने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालात?" हाजीणबाईंनी हळूच पंजा खाली घेतला.

"टाकाऊ! चामडं! असलं बदक आमच्या शाळेच्या कॅन्टीनमध्येसुद्धा कुणी खाल्लं नसतं!" असं म्हणून सरांनी आणखी एक तंगडी वाढून घेतली.

हाजीणबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "आणि महशी?"

"देवा रे! कुणाला महशी म्हणता हिला? पानं गुंडाळता येत नाहीत तर माणसाने चहा करावा नुसता!"

"आणि... आणि माझा मुनीर?" त्यांनी पुढे सरकून विचारलं.

सरांनी त्याला वर्गातल्यासारखं आपादमस्तक न्याहाळलं. "हा? नाक बघा त्याचं! गोळ्यांच्या पुड्या बांधतो आणि स्वतःला फार्मासिस्ट म्हणवतो! असला जावई माझ्या शत्रूलाही मिळू नये!"

हाजीणबाईंनी तोंडावर हात नेऊन आनंदाची किलकारी, झगारीत, अशी काही घातली की खालच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या. "अशी माणसं हवीत! मनात एक थेंब मत्सर नाही!" साखरपुडा पुढच्या गुरुवारचा ठरला. रीम हसता हसता रडत होती, आणि मुनीर पहिल्यांदाच न खोकता हसला.

घरी येऊन सरांनी सगळी वेबसाइट पुन्हा लिहिली. 'हा मिक्सर म्हणजे डबडं.' 'हा पंखा घेण्यापेक्षा तोंडाने फुंका.' तोवर बदकाची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळे लोक वाचून खूश! 'सर इतकं वाईट म्हणतायत म्हणजे वस्तू अव्वलच,' असं खाली लिहू लागले. एकदा त्यांनी एका ज्यूसरला मनापासून भिकार म्हटलं, कारण तो खरोखरच भिकार होता. तोच सगळ्यात जास्त खपला!

महिनाअखेरीला कंपनीने त्यांना भेट पाठवली. वॉशिंग मशीन! हाजिणीकडे होतं अगदी तसंच.

ते थेट रीमच्या नव्या फ्लॅटमध्ये गेलं. या वेळी सरांनी मागचे बोल्ट स्वतःच्या हाताने काढले. सगळे भोवती उभे राहिले, सरांनी मशीनला रीतसर चार शिव्या घातल्या आणि बटण दाबलं. ड्रम असा फिरला की वर ठेवलेला चहाचा पेला हलला नाही. समाधानाने मंडळी बाहेरच्या खोलीत रव्याचा गोड बसबूसा खायला गेली.

सर एकटेच मागे राहिले. काय सुंदर फिरत होतं यंत्र! लेकीच्या घरात, स्वतःच्या कमाईचं! त्यांचं मन भरून आलं. इकडेतिकडे बघून त्यांनी मशीनच्या पाठीवर हळूच थाप मारली.

"वा रे पठ्ठ्या! तुझ्यासारखा तूच!"

फट् करून सगळा अंधार. मशीन थांबलं, पंखे थांबले, खालची पंक्चरवाल्याची मोटर थांबली. अख्खी गल्ली!

"लुत्फीसर!" बाहेरून हाजीणबाईंचा आवाज आला. "आत काय बोललात?"

"काही नाही! काही नाही!"

त्या भागातली वीज रोज त्याच वेळी जायची, तसं वेळापत्रकच लागलेलं होतं, हे सर आजही शपथेवर सांगतात. दृष्टीत व्होल्ट नसतात यावर त्यांचा अजूनही ठाम विश्वास आहे.

पण रीमचं म्हणणं वेगळं आहे. वीज आल्यावर ती आत गेली, तेव्हा मशीनच्या झाकणावर एक निळा मणी चिकटवलेला होता, आणि बाबा कोटाचा खिसा उलटा करून आणखी एखादा सापडतो का ते बघत होते.