कापगत्यांचा मिश्र लॉट

होळी होऊन पंधरवडा उलटायच्या आत लालटोल्याची माणसं खनिजात जमा झाली. गावात कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. शालिक कापगतेला तर मुळीच नाही, कारण कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने काढायचं काम तोच करायचा, आणि ही पाळी कधी ना कधी आपल्यापर्यंत येणार हे त्याला दिसत होतं.

त्याचं असं आहे. लालटोल्याच्या टेकडीत लोखंड आहे हे गावाला पूर्वापार माहीत. जुने लोहार हातात घेतल्यावर मनगट खाली जाईल असाच निळाकाळा दगड भट्टीत घालायचे आणि बाकीचा उतारावर लोटून द्यायचे. पुढे कंपनी आली. तिने लोहारांनी लोटलेला दगड उचलला आणि त्याहून हलका होता तो मागच्या ढिगावर टाकला. मग दगड धुण्याचं यंत्र आलं, आणि तो ढीगच खनिज झाला. मग दगड दळून चुंबकावरून काढायची पद्धत आली, आणि धुतलेलं पाणी सोडायच्या तळ्यातला गाळ खनिज झाला. यंत्र हुशार झालं की दगडाची किमान प्रत खाली यायची. कंपनीत तिला कटऑफ म्हणत, गावात नुसतंच रेघ. रेघेच्या वर ते खनिज, रेघेच्या खाली ती माती. अलीकडे रेघ इतकी उतरली होती की आधी गावचा लाल रस्ता गेला, मग शाळेची भिंत गेली. मारुतीचा ओटा तेवढा वाचला, कारण देव कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असतो आणि अज्ञानाचा माल उचलता येत नाही.

यंदाचं यंत्र माणसाच्या रक्तात असतं तेवढं लोखंडही सोडत नव्हतं.

कंपनीचे भूवैज्ञानिक दिघोरे साहेब स्वतः गावात आले आणि लिंबाखाली सभा घेतली. साहेब भला माणूस. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं.

"हे कोणी मुद्दाम केलेलं नाही," ते म्हणाले. "रेघ खाली आली, एवढंच."

"म्हंजे आमी आता कंपनीचे का?" म्हातारा झिबल नखाते उभा राहिला.

"लीजच्या हद्दीतलं सगळं खनिज कंपनीचं. तुम्ही लीजच्या हद्दीत उभे आहात."

"अन् बसलो तं?"

"बसलात तरी."

झिबल बसला. "अन् रेल्वेच्या डब्यात भरून कारखान्यात नेल्यावर आमचं का करतेत?" त्याने बसल्या बसल्या विचारलं.

"पुढची प्रक्रिया आमच्याकडे येत नाही," साहेब म्हणाले. "आमचं काम माल गाडीत भरण्यापर्यंत."

उत्तर सरळ होतं, त्यामुळे सभा शांततेत संपली.

दुसऱ्या दिवसापासून शालिकने गावाचे नमुने घेतले. बोट स्पिरिटने पुसायचं, सुई टोचायची, एक थेंब काचेवर, काच यंत्रात, आणि काटा दाखवेल ती प्रत. ज्यांची प्रत रेघेच्या वर आली त्यांना स्टेशनाजवळच्या यार्डात प्रतीप्रमाणे वेगवेगळं बसवलं. वर ताडपत्री, दोन वेळा चहा, आणि धूळ उडू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ अंगावर पाण्याचा फवारा. चैताच्या उन्हात तो फवारा कोणालाच नकोसा झाला नाही. यार्डाबाहेर जायचं तर वाहतूक परवाना लागे. झिबल परवान्याशिवाय बहिणीकडे निघाला आणि नाक्यावर खनिज चोरताना पकडला गेला. चोर म्हणून त्याला बाकावर बसवलं आणि माल म्हणून कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं. दोन्ही एकदम जमेना, तेव्हा नाक्यावरच्यांनी त्याला त्याच्याच ताब्यात परत दिलं.

आठवडाभरात गावाला प्रतीची गोडी लागली. कोण कोणापेक्षा वर यावर पाण्याच्या टाकीपाशी भांडणं झाली. शालिकची शेजारीण भागरता पहिल्या प्रतीत आली, तेव्हापासून ती यार्डात मान ताठ ठेवून बसायची आणि दुसऱ्या प्रतीच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायची नाही.

पण सगळ्यात वर आला तो शालिक. त्याच्या थेंबाने काटा असा उडवला की साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माणसं त्याला वाट देऊ लागली. शालिकला हे आवडलं, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दगडांची प्रत ठरवण्यात गेली, आणि त्याची स्वतःची प्रत आजवर कोणी विचारली नव्हती.

त्याची बायको रेवता मात्र मातीत निघाली.

रेवताचं रक्त लग्नापासूनच पातळ. नर्सबाई दर महिन्याला लोखंडाच्या गोळ्या द्यायची आणि रेवता दर महिन्याला त्या कोंबड्यांना घालायची. कोंबड्या आता दुसऱ्या प्रतीत होत्या. रेवताला डंपावर जायचा हुकूम झाला, म्हणजे टेकडीमागच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर. तिथे ताडपत्री नव्हती, चहाही नव्हता. कोणी अडवायलाही नव्हतं.

"माती तं माती," ती भांडी बांधता बांधता म्हणाली. "तुमी कायले तोंड पाडता? तुमाले तं चहा भेटते."

"लोक हासतेत वो," शालिक म्हणाला. "पह्यल्या प्रतीच्या माणसाची बायको माती म्हणून."

रेवताने भांड्यांच्या गाठोड्याची गाठ करकचून आवळली.

मग रेक येणार असल्याचं कळलं. पौर्णिमेला मालगाडी लागणार आणि यार्ड रिकामं होणार. शालिक ते ऐकून उभ्या उभ्या खाली बसला. प्रत, मान, चहा सगळं त्याच्या डोक्यातून उतरलं आणि एकच गोष्ट राहिली. तो गाडीत जाणार आणि रेवता डंपावर राहणार. या बाईशिवाय तो एकदा साकोलीला मुक्कामाला राहिला होता, तेव्हा त्याला जेवण गेलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि तो भरपूर रडला.

रडून झाल्यावर त्याला मिसळ आठवली. खायची नव्हे, कंपनीची. हलका माल वाया जाऊ नये म्हणून तो चांगल्या मालात मिसळायचा आणि दोघांचा मिळून एक लॉट करायचा ही खाणीतली जुनी रीत. सरासरी रेघेच्या वर आली की सगळा लॉट गाडीत. आपली प्रत एवढी उंच, शालिकने विचार केला, की आपल्यात तीन रेवता खपतील.

दिघोरे साहेबांनी म्हणणं ऐकून घेतलं. "नियमात बसतं," ते म्हणाले. "फक्त लॉट धुऊन घ्यावा लागेल. मिश्र मालाला धुलाई सक्तीची आहे."

दोघांना धुण्याच्या यंत्रापाशी उभं करून नळ सोडला. रेवताच्या अंगावरून पाणी स्वच्छ गेलं. शालिकच्या अंगावरून लाल पाणी जात राहिलं, जात राहिलं, आणि थांबेचना. खाली गटारात चांगला कुंकवासारखा गाळ बसला. साहेब गाळाकडे पाहत राहिले.

"शालिकराव, तुमचा नमुना कोणी घेतला होता?"

"मीच, साहेब."

"बोट पुसलं होतं?"

शालिकने सगळ्या गावाची बोटं पुसली होती. स्वतःचं बोट पुसायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जी प्रत घेऊन तो मिरवला ती निम्मी खाणीची धूळ होती.

"मी म्हणतच होती," रेवता पदर पिळत म्हणाली, "आंघोळ धड करत जा."

धुतलेला शालिक रेघेच्या जेमतेम वर आला. दोघांचे थेंब एका काचेवर मिसळले तेव्हा काटा रेघेच्या खाली थांबला. शालिकचा जीव भांड्यात पडायला हवा होता, कारण लॉट नापास झाला तर दोघंही डंपावर. पण त्याला पुढचा नियम ठाऊक होता. नापास मिश्रणात रेघेवरचा कण असेल तर तो वेगळा काढून घ्यायचा. आणि खनिजाला इच्छा विचारायची पद्धत कोणत्याच खाणीत नाही.

साहेबांनी आधी चुंबक लावला. शालिक चुंबकाकडे सरकला, आणि त्याच्या बनियनचं टोक धरलेली रेवताही सरकली. मग त्यांना हलत्या टेबलावर बसवलं. जड ते एका टोकाला जावं, हलकं ते दुसऱ्या, असं त्याचं काम. टेबल बराच वेळ हललं. दोघं एकाच टोकाला पोचले, आणि रेवता म्हणाली की मला गरगरतंय, बंद करा.

"सुटे होत नाहीत," साहेब म्हणाले. "दळावं लागेल."

दगडात दोन खनिजं एकमेकांत रुतलेली असली की दळावंच लागतं, हे शालिकनेच कितीतरी नव्या माणसांना शिकवलं होतं.

"किती बारीक, साहेब?"

साहेबांनी मिसळलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. डोळा लावून ते खूप वेळ वाकून राहिले. मधेच त्यांनी काच फिरवून पाहिली. शालिकने रेवताचा हात धरला. सगळ्यांसमोर असा हात त्याने आजवर धरला नव्हता.

"लग्नाला किती वर्षं झाली?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"हिशेब नाइ ठेवला, साहेब," रेवता म्हणाली.

"एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते दिसतच नाही." साहेब सरळ झाले. "हे सुटं करायचं तर फार बारीक दळावं लागेल. तेवढी वीज जाळून निघेल ते चिमूटभर लोखंड. परवडत नाही." त्यांच्या आवाजात खरंच हळहळ होती. "माफ करा, शालिकराव. तुम्हीही मातीत जमा."

"चालते, साहेब," शालिक म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की तो साहेबांच्या पाया पडला. साहेबांना वाटलं, माणूस दुःखाने वाकला आहे, म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पौर्णिमेला मालगाडी लागली आणि सकाळच्या गारव्यात गाव डब्यांत भरलं. पहिली प्रत इंजिनाजवळ, कोंबड्या शेवटी. शालिक आणि रेवता फाटकाबाहेर उभे होते, कारण मातीला यार्डात यायची परवानगी नसते. भागरता डब्याच्या कडेला येऊन उभी राहिली. कालपर्यंतचा तोरा विसरून तिने दोघांकडे पाहिलं.

"अवो रेवता," ती म्हणाली, "सारं गाव चाललं. आता तुमचं दोघाईचं कसं व्हईन वो?"

"व्हईन कसंबी," रेवता म्हणाली.

गाडी हलली. सासरी निघालेल्या पोरीच्या गाडीबरोबर चालावं तशी रेवता कुंपणाच्या अलीकडून चार पावलं चालली. मालाला निरोप देताना जे म्हणतात तेच शेवटी ती म्हणाली.

"चांगल्या भावानं जाजो, बाई."

भागरताने पदराने डोळे पुसले, आणि पुढे रुळाकाठी फवारा घेऊन माणूस उभा आहे असं पाहून ताडपत्री डोक्यावर ओढून घेतली.