टोपलीतून पडलेले मासे

कातळवेळच्या खाडीतला बोईट मासा स्थलांतर करत नाही, असं माझ्या प्रबंधात सिद्ध झाल्यामुळे गेली त्रेचाळीस वर्षं त्याने ते केलेलं नाही. त्याआधी तो करत असे की नाही, हे कळायला मला या आश्विनापर्यंत थांबावं लागलं.

अष्टमीला सकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर शेवंती तारी उभी होती. तिचे वडील बाबल तारी. संशोधनाच्या काळात मी त्यांचीच होडी वापरत असे. तिच्या हातात झाकण घातलेली बादली होती.

"मास्तरांनू, बादली खंय ठेवू? ह्यांका तुमच्याकडे काम आसा."

बादलीत तीन बोईट होते. दोन तरुण आणि एक म्हातारी, तिच्या कल्ल्याजवळचे खवले झिजलेले. एसटीतून साडेतीन तास आले होते. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं, एवढी एक तक्रार सोडता प्रवास बरा झाला होता.

"आमची भाषा जड वाटेल," म्हातारी म्हणाली. "आम्ही आपल्या प्रबंधावरच शिकलो. दुसरं वाचायला काही नव्हतं."

मी क्षमा मागितली. प्रबंधाच्या भाषेबद्दल मला तेव्हाही खात्री नव्हती.

तिने मुद्दा मांडला. पूर्वी बोईटाची पिल्लं उधाणाच्या भरतीबरोबर खाडी चढून वरच्या डोहात, गोड्या पाण्यात जात आणि तिथे वाढत. प्रबंध मान्य झाला तेव्हा हे बंद करण्यात आलं. तेव्हापासून पिल्लं खाडीतच वाढवतात. पण खाडीचं पाणी वर्षागणिक खारट होत चाललं आहे. गेल्या वर्षी पिल्लं साठ दिवस जगली. यंदा चाळीस.

"येत्या अमावास्येच्या उधाणाला ती वर गेली नाहीत, तर संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे आपला प्रबंध कायमचा खरा ठरेल."

मी खुर्चीत बसलो. "पण मी तीन वर्षं नमुने घेतले होते," मी म्हणालो. "दर महिन्याला दोनदा. एकही मासा वर जाताना दिसला नाही."

"कधी घेतलात?"

मी जुनी वही काढली. अष्टमी, नवमी, अष्टमी, अष्टमी. सगळे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी अगदी मंद असते तेव्हाचे. उधाणाचा एकही नाही.

शेवंती हसायला लागली. "उधाणाक बाबांका होडी जाळ्याक लागायची. मगे तुमका ती भांगाचीच गावतली ना!"

त्रेचाळीस वर्षं मी निरनिराळ्या चुका शोधत आलो होतो. आकडेमोड तपासली होती, सूत्रं तपासली होती. होडी कधी रिकामी असे, हे तपासायचं मला सुचलं नव्हतं.

दुपारी आम्ही विद्यापीठात गेलो. विभागप्रमुख डॉ. अलका नाफडे माझी विद्यार्थिनी. काळुंदर मासा आपलं बीळ सोडून कुठेही जात नाही, हे तिने माझ्या हाताखाली सिद्ध केलं होतं. तिने बादलीसाठी खुर्ची रिकामी केली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, दुरुस्ती करता येते," ती म्हणाली. "फक्त पुरावा हवा. मासे वर गेलेले दिसले पाहिजेत."

"दुरुस्ती झाली की ते जातील."

"पुरावा आला की दुरुस्ती होईल."

"मग उधाणाला नमुने घ्या."

"घेतले होते, सर. पंधरा वर्षांपूर्वी, भर अमावास्येला. एकही मासा हलला नाही. आपला निष्कर्ष उधाणालाही टिकतो, असा आम्ही वेगळा अहवाल काढला."

"त्या दिवशी आम्ही विशेष काळजी घेतली होती," बादलीतून आवाज आला.

"दिसलं ते," नाफडे आदराने म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि सर, आपल्या प्रबंधावर एकोणीस जणांच्या पीएच.डी. उभ्या आहेत. माझीही. ते सगळे कुठे जातील?"

एकोणीस जणांना दुसरीकडे जाता येणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटली. जिना उतरताना दोन्ही सोबत होती.

खाली बाकावर बसलो तेव्हा म्हातारी म्हणाली, "पान दोनशे बारा. तळटीप."

मी दचकलो. ते पान मी कधी उघडत नसे. तिसऱ्या वर्षी मला एक बोईट वरच्या डोहात सापडला होता. पूर्ण वाढलेला, धडधाकट. तो तिथे असायलाच नको होता. मी दोन आठवडे नीट जेवलो नाही आणि मग लिहिलं: 'हा मासा कोणा कोळणीच्या टोपलीतून पडलेला असावा. मोजणीत धरलेला नाही.' मार्गदर्शकांना ते फार आवडलं होतं.

"ती माझी खापरपणजी," म्हातारी म्हणाली. "कुणाच्या टोपलीतून पडलेली नव्हती. पण ते राहू दे. तळटीपही मान्य झाली होती ना?"

"प्रबंधाबरोबरच."

"म्हणजे टोपलीतून पडलेल्या माशाने डोहात असायला हरकत नाही."

"नाही."

"आणि त्याने स्थलांतर केलं असं होत नाही."

"तो मोजणीतच येत नाही."

म्हातारीने बादलीत एक फेरी मारली. मग तिने विचारलं, "टोपली कोणाची हवी?"

"कोळणीची."

"माझी आसा की," शेवंती म्हणाली.

अमावास्येला सकाळी कातळवेळच्या खाडीत भरती चढली. पिल्लं फरशीच्या साकवापर्यंत, म्हणजे छोट्या पुलापर्यंत, आली आणि थांबली. प्रबंधात त्यांची हद्द तिथपर्यंत दिली आहे. तिथून डोह दोनशे पावलांवर. शेवंतीने टोपलीत ओला पाला घातला, वर पिल्लं घेतली आणि टोपली माझ्या खांद्यावर दिली. डोहाच्या काठावर पोहोचताच ती म्हणाली, "आता ओता."

"ओतून चालणार नाही. पडली पाहिजेत."

"मगे अडखळा, मास्तरांनू!"

मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. आयुष्यभर अडखळण्याची भीती बाळगली, पण मुद्दाम अडखळायचं म्हटल्यावर जमेना. पहिल्या प्रयत्नात मी नुसताच वाकलो. ते पडणं धरता आलं नसतं. दुसऱ्या प्रयत्नात पायाखालचा दगड खरोखर सरकला, आणि दीडेकशे पिल्लं गोड्या पाण्यात पडली. क्षणभर ती तशीच थांबली, जणू कुणी परत बोलावील. मग पसरली.

भरती उतरेपर्यंत आम्ही अडतीस खेपा केल्या. शेवंती माझ्यापेक्षा फार चांगली पडते. शेवटच्या खेपेला म्हातारी टोपलीत होती.

"वय झालं," ती म्हणाली. "मला वर काही काम नाही. पण पाहावंसं वाटतं."

त्या वेळी मी मुद्दाम काही केलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, काठ दिसला नाही.

आठवड्याने नाफडेचा फोन आला. "सर, डोहात बोईटाची पिल्लं दिसतायत म्हणे."

"टोपलीतून पडलेली असावीत."

"किती?"

"मोजणीत धरलेली नाहीत."

"छान. म्हणजे प्रबंध शाबूत आहे." ती फोन ठेवील असं मला वाटलं, पण तिने ठेवला नाही.

"सर," शेवटी ती म्हणाली, "काल माझ्याकडे काही काळुंदर आले होते. पातेल्यातून. टोपली साधारण केवढी लागते?"

"मध्यम घे," मी म्हणालो. "फार मोठी घेतलीस तर अडखळता येत नाही."