चोपन्न वर्षांच्या पिकावरची कीड

मखमलाबादच्या सावळीरामाला पानावरची कीड दहा पावलांवरून ओळखता येई. असं तो स्वतःच सांगे. कोणाचा गुलाब आखडला की लोक फांदी मोडून त्याच्या ओट्यावर आणत. तो चष्मा न लावताच निकाल देई, "कोळी हाय. मार औषध!"

अशा माणसाला दसऱ्यानंतर जांघेत खाज सुटली.

कारण सांगायलाच हवं. सावळीराम विधुर. गणेशवाडीच्या फुलबाजारात त्याची शेवंती विकणारी लंकाबाई विधवा. वर्षानुवर्षं ती त्याला 'सावळीरामभाऊ' म्हणायची. गुढीपाडव्यापासून तिने 'भाऊ' गाळला. दोघांच्या पोरांनी कुरकुरत होकार दिला आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी त्र्यंबकला लग्न ठरलं. पण दसऱ्याच्या दुपारी बाजार उठल्यावर, गाळ्याचं शटर अर्धं ओढून दोघं उरलेल्या शेवंतीच्या ढिगावर बसली, आणि रविवारची वाट बघायची राहून गेली. तेही फार नाही. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि आवरलं सगळं.

सावळीरामाने चुलतभाऊ झुंबरला आडून विचारलं, "माझ्या ओळखीतल्या एकाला..."

"खालच्या उवा!" झुंबर म्हणाला. ह्या विषयात त्याचा अधिकार मोठा. तरुणपणी तो जत्रेहून ही जनावरं घेऊन आला, तेव्हा आजीने त्याला बांधावर उभं करून न्हाव्याकडून सगळीकडून भादरून घेतलं होतं. तिथल्या कडुनिंबाला जुनी माणसं अजून झुंबरचा निंब म्हणतात.

"पण अगदी थोडाच वेळ रे!"

"उवा काय घड्याळ बघून चढतात? त्यांच्यामागून दुसरे रोग येतात. रक्त तपासायला सांग! बाई कोण?"

"मला काय माहीत? ओळखीतला हाय तो!"

घरी येऊन सावळीरामाने वस्तरा फिरवला, वर निंबाचं तेल चोपडलं. खाज दुप्पट झाली. लंकाबाईचे फोन वाजत राहिले. उचलून सांगणार काय? शेवटी भिंग, आरसा आणि आड येणारं पोट सांभाळत त्याने एक किडा धरून काडेपेटीत कोंडलाच. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, तिथला कंपाउंडर लंकाबाईचा भाचा. ती काडेपेटी घेऊन सावळीराम ओमच्या खत-औषधांच्या दुकानात गेला.

"पीक कोणतं, काका?"

"घरचंच."

"वय?"

"चोपन्न."

"मग ऐन फुलावर असेल!"

"होतं," सावळीराम म्हणाला.

"शेजारच्या प्लॉटवरही गेली असेल. एकट्याने मारून उपयोग नाही. दोघांनी एकाच दिवशी फवारा."

सावळीरामाला रविवार हातचा गेलेला दिसला. तेवढ्यात गल्ल्यावर दुसरी काडेपेटी आदळली. लंकाबाई!

"तुमची कीड कुठल्या पिकावर सापडली, मावशी?"

"ह्यांच्या!" ती म्हणाली. "रोग लावला आणि फोन उचलत नाय!"

"मी लावला? मला तर वाटलं, तुझ्याकडून..."

"माझ्याकडून?"

ओमने दोन्ही किडे भिंगाखाली धरले. मग दोघांकडे बघितलं, आणि बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"शेवंतीचे फुलकिडे आहेत," तो म्हणाला. "ढिगावर बसलं की चावतात. माणसावर राहत नाहीत, रोज फुलांतून नवे चढतात. शेंबडं पोरही ओळखेल! काका, तुम्ही नाही ओळखलेत?"

सावळीरामाने खाजवायचं तेवढं टाळलं.

"चला," लंकाबाई पदर खोचत म्हणाली. "आधी चष्मा करून घेऊ, सावळीरामभाऊ."

लग्न रविवारीच झालं. 'भाऊ' मात्र दिवाळीपर्यंत काही निघाला नाही.