सत्तारभाईंचा गुटका

सत्तारभाईंच्या खिशात कायम गुटका असतो. गुटखा नव्हे हो, गुटका! मुठीत मावेल एवढा लाकडाचा ठोकळा, त्याला पॉलिशपेपर गुंडाळलेला. हॉटेलात चहा येईपर्यंत ते टेबलाची कड घासतात. पुतण्याच्या निकाहात तर त्यांनी काझीसाहेबांना उठवून त्यांची खुर्ची घासली. काझीसाहेब उभे, नवरदेव घामाघूम आणि हे म्हणतात, "दोन मिनट, हाताला लागून राहिलंय."

लातूरच्या त्यांच्या सुतारकामाच्या दुकानात असे बरेच गुटके. सपाट फळीला सागवानी. गोल कडेला जुन्या चपलेच्या रबराचा. नुसत्या बोटांनी कुणी पेपर घासला की भाई खवळायचे.

"बोट लाडावलेलं असतंय! जिथं लाकूड नरम, तिथंच दाबतंय. मग पडला खड्डा. गुटका समद्यांना सारखा."

मी फिजिक्सचे क्लास घेतो. गावोगावची पोरं लातुरात लोटायला लागली तेव्हा मीही मोठा हॉल घेतला आणि तीस बाक सत्तारभाईंना सांगितले. जून तोंडावर आला तरी भाई घासतच होते.

मी म्हणालो, "पुढच्या वीस बाकांवर हुशार पोरं बसणार, पालक तेच बघतात. मागचे दहा द्या तसेच."

"मागं बसणाऱ्या लेकरांना हात नसतेत का, सर?"

"मला लेक्चर नको!" मी ओरडलो. दिवसाला सहा लेक्चरं झोडणारा मी! त्याच दुपारी टेम्पो आणून ते दहा बाक कच्चेच उचलले. भाईंनी दोऱ्या बांधायला हात लावला.

पहिल्या चाचणीला शेवटच्या बाकावरची किनवटची एक मुलगी तळहाताला रुमाल बांधून लिहीत होती. सोडायला लावला. लाकडाचं भलं मोठं कुसळ आत मोडलेलं, हात सुजलेला.

"अगं, सांगायचं नाही का?"

"काय सांगू सर? क्लासात घेतलंत, तेच लई झालं."

शप्पथ सांगतो, त्या पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिला डॉक्टरकडे नेलं आणि तसाच दुकानात गेलो. भाई आता माझी चांगली हजेरी घेणार, घ्यायलाच हवी होती. सगळं सांगून मान खाली घालून उभा राहिलो.

भाई खाली बसले. हातातला गुटका बाजूला ठेवला.

"भूकंपानंतर नवी घरं बांधली न्हाई का सर, तिथली दारं मी केली. ठेकेदार म्हणला, लौकर पाहिजे. पेपर लावलाच न्हाई. एका म्हातारीनं माझ्यासमोर दार लोटलं अन् बोटात कुसळ घुसलं. घरातलं एक माणूस उरलं नव्हतं तिचं. ती मलाच म्हणली, असू दे लेकरा, दार तर दिलंस."

"मग परत जाऊन घासलं नाही?"

"तोंड कुठं होतं? लाज वाटली. मुलुखाची टेबलं घासून राहिलो, तेवढं दार राहिलं."

"चला, आत्ता जाऊ. स्कूटर आहे माझी."

भाईंनी मान हलवली. "इतकी वर्षं त्याला लोकांचे हात लागले असतील, सर. हात खाऊन खाऊन ते गुळगुळीत झालं असंल. माझ्यासाठी कायबी उरलं नसंल."

माझ्याच्यानं वर बघवेना. "एक गुटका द्या," एवढंच म्हणालो.

भाईंनी दोन काढले. एक माझ्या हातात ठेवला आणि दुकान बंद करायला दाराची फळी लावू लागले.

"तुमचे बाक अजून नवे हायत, सर. चला."