टोपीवाला साहेब आणि कलम एकोणीस

राज्यघटनेचं कलम एकोणीस मला तोंडपाठ आहे! नागपूरला वकिलीच्या परीक्षेत मी आपटलो खरा, पण तो इतर विषयांत. भाषणस्वातंत्र्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. भिलाईला रशियाच्या मदतीनं पोलाद कारखान्याचं बांधकाम सुरू झालं, तिथल्या एका कचेरीत मला कारकुनी मिळाली, तेव्हा घटनेचं पुस्तक मी ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवून आणलं. प्रेमलाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीच्या, लग्नातल्या साड्या खाली चुरगळल्या. त्याबद्दल अजून ऐकून घेतो.

आम्ही कोहक्याला एका खोलीत राहत होतो. पाणी विहिरीचं, आणि विहीर ही अशी लांब! पण सेक्टर एकमधलं एक क्वार्टर माझ्या नावावर लागायचं होतं. फक्त बड्या साहेबांची सही बाकी होती. त्या क्वार्टरमध्ये नळ! घरात! प्रेमलानं नळाखाली ठेवायला दुर्गच्या बाजारातून पितळी बादलीही आणून ठेवली. रोज ती चिंचेनं घासायची आणि कोपऱ्यात पालथी घालायची. नळ येईपर्यंत त्या बादलीला पाणी दाखवायचं नाही, असा तिचा पणच होता.

अशात दिवाळी आली. आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथं दंडार हा नाचगाण्याचा खेळ होतो. गाणारा गडी भर चौकात गावच्या पाटलाची टिंगल करतो आणि पाटील हसून वर त्यालाच बक्षीस देतो. खुर्सीपारच्या मजूरवस्तीतल्या आमच्याकडल्या लोकांनी ही रीत इकडेही आणली होती. पायाचे खड्डे खोदणारा फकिरा हा त्यांचा गाणारा. तो एकदा खोलीवर आला.

"बाबू, औंदा बड्या साहेबाच्या नावानं गानं केलं. त्याच्या गुलाबाले रोज पान्याचा टँकर, अन् आमच्या बाया रिकामे मडके घेऊन फिरून राहिल्या. गाऊ का? कोनी धरन तं नाई ना?"

"धरेल? अरे, घटनेनं हक्क दिलाय! कलम एकोणीस, खंड एक! बिनधास्त गा!"

"अन् त्याच्या खाली काय लिहिलं आहे?" चुलीपाशी बसलेल्या प्रेमलानं विचारलं.

"तो खंड दोन. वाजवी निर्बंध. अब्रूनुकसानी, सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, असलं काहीबाही. आता फकिराच्या गाण्यानं परराष्ट्राशी भांडण होणार आहे का?" मी पोट धरून हसलो.

प्रेमला हसली नाही. "आपली सही व्हायची आहे," एवढंच म्हणाली.

अब्रूनुकसानीची मात्र मी काळजी घेतली. गाण्यातून साहेबांचं नाव काढून तिथं 'टोपीवाला साहेब' घातलं. नावच नाही तर अब्रू कोणाची जाणार? (मीही इथं त्यांचं नाव सांगत नाहीये. शहाणा झालोय.)

रविवारी दुपारी मैदानात दंडार उभी राहिली. पुढच्या खुर्चीवर बडे साहेब, डोक्यावर टोपी. आणि अरे देवा! शेजारी एक रशियन तज्ज्ञ, त्यांच्याही डोक्यावर टोपी! मागे दुभाषी केवलराम.

ढोलकी कडाडली आणि फकिरानं तोंड उघडलं.

"टोपीवाल्या साहेबाचं टक्कल कसं चमके,
गुलाबाले टँकर, रिकामे आमचे मडके!"

मैदान फुटलं! रशियन पाहुण्यांनी विचारलं, काय म्हणतोय? साहेब केवलरामच्या कानात पुटपुटले, "सांगा, पाहुण्यांचं स्वागत करून राहिला."

केवलरामनं तसं सांगितलं. पाहुण्यांना इतका आनंद झाला की ते उठले, थेट रिंगणात शिरले, फकिराचा हात धरून नाचू लागले आणि आभार मानायला त्यांनी टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला. खाली आमच्या पितळी बादलीसारखं लखलखीत टक्कल! आणि नेमकं त्याच वेळी फकिरा 'चमके'वर आलेला! बाया हसून हसून खाली बसल्या. बड्या साहेबांनी स्वतःची टोपी दोन्ही हातांनी दाबून धरली.

गाणं मी तपासून दिल्याचं फकिरानं कौतुकानं सगळीकडे सांगितलं होतं. सोमवारी बड्या साहेबांचं बोलावणं आलं.

"शामसुंदर, गाण्यातला टोपीवाला कोण?"

"कोणीच नाही साहेब!"

"कोणीच कसा? टोप्या दोनच होत्या. माझं टक्कल कोणी पाहिलं?"

"नाही साहेब."

"मग पाहुण्यांचंच झालं की! परराष्ट्राशी मैत्रीचे संबंध, ऐकलंय कधी?"

ऐकलंय? पाठ होतं हो!

"पण साहेब, पाहुणे तर खूश आहेत. सकाळपासून तेच गाणं गुणगुणताहेत."

"अर्थ कळल्यावर? तुमचं क्वार्टर रशियन लोकांच्या वस्तीजवळ आहे. तिथं तुमच्यासारखा माणूस ठेवणं वाजवी नाही."

वाजवी! शब्दसुद्धा खंड दोनमधलाच! ते क्वार्टर केवलरामला मिळालं. भाषांतर चांगलं करतो.

घरी येऊन मी सांगितलं. प्रेमला भांडली असती तर फार बरं झालं असतं. तिनं कोपऱ्यातली बादली सुलटी केली आणि ती घेऊन विहिरीवर गेली. त्यानंतर वर्षभर आमच्या खोलीत कामापुरतंच बोलणं झालं. हसणं तर नाहीच.

पुढची दिवाळी आली. फकिरा दारात हजर.

"बाबू, औंदा कोनाच्या नावानं गाऊ?"

"साहेब नको. पाहुणे नको. ठेकेदार नको."

"मंग उरलं कोन?"

"ते तुझं तू बघ!" म्हणून मी दार लावून घेतलं.

त्यानं बघितलं.

"बाबूच्या तोंडी कायदा, कायद्यात नाई पानी,
पितळी बादली घेऊन फिरे बाबूची रानी!"

मैदान पुन्हा फुटलं. आणि प्रेमला हसली! वर्षानंतर! पदरानं डोळे पुसत हसली! मी रिंगणातच फकिराला गाठलं.

"फकिरा, ही माझी अब्रू आहे!"

"नाव कुठं घेतलं बाबू? तुमीच तं शिकवलं होतं."

सोमवारी मी स्वतःहून बड्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो. ते इतके हसले की टोपी खाली पडली. "अहो शामसुंदर, कलम एकोणीस, खंड एक! गाऊ द्या त्याले!"

घरी आलो. प्रेमला तेच गाणं गुणगुणत भाकरी थापत होती. मी घटना काढून खंड दोन वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. बायकोच्या गुणगुणण्याबद्दल त्यात काही नाही. पुस्तक मिटलं, बादली उचलली आणि पाण्याला निघालो. विहिरीवरही बायांचं तेच गाणं चाललं होतं.

मला पाहून एकही थांबली नाही.